धागा: जुन्या फोटोतल्या बायका – नेसण्यावरून काळ कसा लावायचा, आणि काय लावायचा नाही (बडोदं)

रावपुरा_टॉवर:
बडोद्यातल्या मराठी घरांमधले साधारण १८८० ते १९६० या काळातले बायकांचे फोटो जमवून दांडिया बाजारात छोटं प्रदर्शन मांडायचं चाललं आहे. फोटो भरपूर आलेत, पण तारीख जवळजवळ कशावरच नाही. पाट्या लिहिणाऱ्या मंडळींनी एक सोपा नियम धरलाय. नऊवारी दिसली की "१९३० पूर्वी", गोल साडी (काष्टा न घालता नेसलेली पाचवारी) दिसली की "१९३० नंतर". शिवाय नऊवारीवाली म्हणजे जुन्या वळणाची आणि गोल साडीवाली म्हणजे सुधारलेली. मला हे दोन्ही पटत नाही. जाणकारांनी कृपया नेमकं लिहावं: फोटोत काय बघायचं, कशावर विश्वास ठेवायचा, आणि पाटीवर किती बोलायचं?

अभिलेख_कपाट:
तुमची शंका रास्त आहे. वस्त्रावरून काळ लावताना एकच गोष्ट पक्की धरा. नवी वस्तू दिसली तर फोटो "याआधीचा नाही" एवढं कळतं. जुनी वस्तू दिसली तर काहीच कळत नाही. १९५५ सालच्या लग्नाच्या फोटोत सासूबाई नऊवारीत, सून गोल साडीत आणि नात परकर-पोलक्यात असं एकाच रांगेत सर्रास दिसतं. अशा फोटोचा काळ सुनेवरून लावायचा, सासूबाईंवरून नाही. म्हणजे दर फोटोत सगळ्यात नवी गोष्ट शोधायची: बाहीची लांबी, गळा, घड्याळ, चप्पल, मागे भिंतीवरचा विजेचा दिवा.

फोटोसोबत कापडही आलं असेल तर आणखी बरं. मिलच्या लुगड्याच्या टोकाला शिक्का असतो. त्यावर माप मीटरमध्ये असेल तर कापड १९५८ च्या आधीचं नसणार, कारण मेट्रिक मापं त्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. कमाल किमतीचा शिक्का असेल तर ते १९४३ च्या कापड नियंत्रण हुकुमानंतरचं. पेटीत दुकानाची पावती सापडली आणि तीत आणे-पै असतील, तर ती बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण नवे पैसे तेव्हा आले. दुकानदार जुन्या सवयीने पुढेही काही दिवस आणे लिहीत, म्हणून "बहुधा" म्हणतो.

फॉलवरून मात्र काळ लावू नका. जुन्या साडीला तो कितीतरी वर्षांनी लावलेला असू शकतो. टाके बघा. साडीचा धागा पिवळा पडलाय आणि फॉलचा दोरा अजून चकचकीत आहे, तर तो नंतरचाच.

काचपट्टी:
वस्त्राच्या आधी रंगाचं बोलू या, कारण पाट्यांमध्ये सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

जुन्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश फार लवकर "दिसायचा" आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल कापड फोटोत काळं येतं, पिवळंही गडद येतं, आणि फिकट निळं चक्क पांढरं येतं. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना हिरवा रंग थोडा कळू लागला, लाल तरीही नाही. लाल ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ पासून बाजारात होत्या, पण सर्वसाधारण वापर वाढला तो १९२०-३० च्या दशकांत.

आता याचा अर्थ बघा. पिवळी अष्टपुत्री नेसलेली नवरी त्या फोटोत काळोख्या कापडात दिसते. कुंकू डांबरासारखं काळं दिसतं. आणि फिकट आसमानी लुगडं नेसलेली सवाष्ण पांढऱ्या वस्त्रातली विधवा म्हणून पाटीवर चढते.

ओळखायचं कसं? आधी त्याच फोटोत कुंकू शोधा. ते शाईच्या डागासारखं काळं दिसत असेल तर प्लेट लाल न ओळखणारी आहे, तेव्हा फोटोतल्या कुठल्याही रंगाबद्दल बोलूच नका. हाताने रंगवलेले फोटो तर आणखी फसवे. रंगवणाऱ्याने पैठणी हिरवी केली याचा अर्थ ती हिरवी होती असा नाही.

सुमेधा_वाडी:
काचपट्टी, याच मुद्द्यावर एक विचारते. जमलेल्यांत एक जुना कार्डावर चिकटवलेला फोटो आहे, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचाचा. खुर्चीत बसलेली बाई, अंगावर पांढरं लुगडं, काठ गडद, डोक्यावरून पदर. पाटी "विधवा, अंदाजे १८९५". बरोबर आहे का?

काचपट्टी:
त्या मापाचं कार्ड म्हणजे कॅबिनेट कार्ड. १८७० ते १९१० च्या दरम्यान हे माप फार चालायचं, तेव्हा "अंदाजे १८९५" चुकीचं नाही, पण "१८८० ते १९१०" असं लिहिलेलं जास्त प्रामाणिक. वैधव्याचं म्हणाल तर भिंग घ्या आणि क्रमाने बघा. आधी कपाळ: आडवी चिरी आहे का? कुंकू मेणावर लावत, त्यामुळे त्याची कड स्वच्छ दिसते. मग गळा: पदराखालून काळ्या मण्यांची सर डोकावते का? मग मनगटं. बांगड्या बाहीत लपतात, म्हणून बाहीच्या कडेशी उंचवटा आहे का बघा. मग नाकात नथ किंवा निदान टोचलेलं भोक. शेवटी अंगात चोळी आहे का. केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेला चोळी घालायची मुभा नसे, आणि तिचं आलवण, म्हणजे विधवेने नेसायचं लुगडं, तांबडं असे. म्हणजे त्या काळच्या प्लेटेवर आलवण गडद येणार, पांढरं नाही! पांढरं दिसणारं लुगडं, गडद काठ आणि अंगात चोळी असं असेल, तर "विधवा" लिहायला काहीही आधार नाही.

सुमेधा_वाडी:
चोळी आहे, आणि डाव्या मनगटाशी तुम्ही म्हणता तसा उंचवटाही. पाटी बदलायला सांगते.

मापटेप:
आता शिवणाकडे. नऊवारी-पाचवारीपेक्षा वरचं वस्त्र जास्त बोलतं, कारण लुगड्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली आणि चोळीची दर पंधरा-वीस वर्षांनी बदलली.

खणाची चोळी ओळखायची खूण म्हणजे पुढे बटण नाही. दोन टोकांची गाठ छातीखाली बांधलेली, बाही कोपराच्या वर आणि घट्ट, पोट उघडं. हात वर करता यावा म्हणून काखेत तिरपा तुकडा जोडलेला असतो. फोटोत तो दिसत नाही, पण हातात चोळी असेल तर आधी तिथेच बघा, कारण घामाने कापड पहिल्यांदा तिथेच विरतं. जुन्या चोळीत बाकीचं कापड धड आणि काखेतला तुकडा वेगळ्या खणाचा, असं नेहमी आढळतं. तो दुरुस्तीचा पुरावा आहे. प्रदर्शनात तो लपवू नका.

पोलकं आलं तेव्हा पुढे बटणपट्टी आली, पोट झाकलं गेलं, बाही कोपरापर्यंत किंवा त्याखाली गेली. १८९० ते १९१५ च्या सुमाराच्या सुखवस्तू घरांतल्या फोटोंत उंच गळा, लेस, झालर, खांद्याशी फुगवलेली बाही दिसते. ती विलायती झग्याची नक्कल आहे, नऊवारीवर चढवलेली. पुढे झंपर सैल आणि बिनझालरीचं झालं. नंतर ब्लाउज अंगासरशी आला. त्याला छातीखाली आणि बाजूला टक्स, म्हणजे आकारासाठी आत शिवलेल्या चुण्या, लागतात. टक्स दिसले की ते बहुधा १९१० चं पोलकं नव्हे, एवढं म्हणता येतं.

आणि परकर! नऊवारीखाली परकर लागत नाही, गोल साडीला लागतोच, कारण निऱ्या खोवायला नाडीचा आधार हवा. म्हणजे गोल साडी घरात आली ती एकटी नाही आली. परकर, पोलकं, शिलाई, शिंपी किंवा घरी मशीन, असा सगळा खर्च बरोबर घेऊन आली. नऊ वारांतून चार वार वाचले हे खरं, पण परकराला दोन-अडीच वार गेले.

बाजवाडा:
मापटेप यांनी हिशेब अचूक मांडलाय. पण मग बायकांनी हे का पत्करलं? "फॅशन" म्हणून सोडून देता येत नाही.

बडोद्यापुरतं बोलायचं तर शाळा हे मोठं कारण. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्यात लागू केलं, मुलींनाही. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा १९०४ चा, मुलीचं किमान वय १२. म्हणजे शाळेच्या फोटोत परकर-पोलक्यातली मुलगी आणि गळ्यात मंगळसूत्र असं दिसलं तर दचकू नका, कायद्याने तेव्हा तेही बसत होतं.

दुसरं म्हणजे शेजार. पुण्यात गोल नेसणं म्हणजे नवं वळण. बडोद्यात पोळात, म्हणजे जुन्या गल्लीतल्या वस्तीत, राहणारी गुजराती शेजारीण पिढ्यान्‌पिढ्या चणियावर (घागऱ्यावर) गोल साडीच नेसत होती. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा पोटऱ्या उघड्या ठेवणारी नऊवारी तिथल्या थंडीत आणि तिथल्या नजरांत चालेना, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. विलायती झगा नाही, शेजारच्या प्रांतातलं नेसणं. आपल्या शहरातही गोल साडीला "मेमसाहेबी" म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यावं असं मला वाटतं. फोटोत पदर उजव्या खांद्यावरून पुढे आला असेल तर ती गुजराती पद्धत, डाव्या खांद्यावरून मागे गेला असेल तर मराठी. पण त्याआधी फोटो उलटा छापलेला नाही ना ते बघा. नथ डाव्या नाकपुडीत आहे का, पुरुषाच्या कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत, यावरून कळतं.

तिसरी गोष्ट राजवाड्याकडून आली. इंदिराराजे, सयाजीराव आणि दुसऱ्या चिमणाबाई यांची मुलगी. १९१३ मध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लग्न, १९२२ मध्ये वैधव्य. शिफॉनच्या साड्या रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. विधवेने जाडंभरडं नेसायचं असा दंडक जिथे होता, तिथे एका विधवेने नेसलेलं झुळझुळीत कापड सगळ्या सवाष्णींनी उचललं. माझ्या दृष्टीने त्या साठ-सत्तर वर्षांतली ही सगळ्यात मोठी उलथापालथ.

काचपट्टी:
शिफॉनबद्दल एक खूण. शिफॉन फोटोत जवळजवळ निराकार दिसतो, घडीची रेघ धरत नाही. सुती लुगड्याच्या घड्या फोटोत स्पष्ट दिसतात. पेटीतून काढून थेट फोटोला बसलेल्या बाईच्या मांडीवर चौकोनी घडी उमटलेली असते.

सुमेधा_वाडी:
मला इथे जरा विरोध नोंदवायचा आहे. गोल साडी म्हणजे मोकळीक असा सूर लागतोय. काष्टा घातलेल्या बाईला टांग टाकता येते, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढता येतो, मांडी घालून जात्यावर बसता येतं, सायकलवर बसली तर निऱ्या साखळीत जात नाहीत. गोल साडीत पाऊल निऱ्यांच्या घेराएवढंच पडतं. लेडीज सायकलला मागच्या चाकावर जाळी आणि साखळीला पूर्ण झाकण का लागलं? पोटरी दिसणं शेकडो वर्षं कोणाला खटकलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते "बरं दिसत नाही" झालं, आणि तेही आधी शिकलेल्या घरांत. म्हणजे सुधारणेबरोबर एक नवी लाजही आली. पाय झाकायचे, पोट झाकायचं, बाही लांब ठेवायची. शाळेत जायला मिळालं, पण तिथे जाणारी मुलगी "सोज्वळ" दिसली पाहिजे ही अटही त्याच दारातून आत आली. पाटीवर हे दोन्ही यायला हवं.

अभिलेख_कपाट:
सुमेधाताई, हे तुम्ही फार नेमकं लिहिलंत. यात एक जोड देतो. दोन्ही बाजूंनी दटावणी होती. काष्टा सोडला तर सोवळ्यात चालत नाही म्हणून स्वयंपाकघरात प्रवेश नाही, आणि काष्टा ठेवला तर कॉलेजात "काकूबाई". त्यामुळे कित्येक घरांत एकच बाई दिवसातून दोनदा नेसणं बदलायची. म्हणून एकाच बाईचे एकाच वर्षातले दोन फोटो वेगवेगळ्या नेसण्यात सापडले तर त्यातला एक "आधीचा" ठरवू नका.

रावपुरा_टॉवर:
हे सगळं सोन्यासारखं आहे. आता एक व्यवहाराचा प्रश्न. दोन पुतळे उभे करायचेत, एक नऊवारीत, एक गोल साडीत. शिंप्याकडचा एकखांबी पुतळा मिळतोय. चालेल?

मापटेप:
गोल साडीला चालेल, नऊवारीला अजिबात नाही. काष्टा दोन पायांमधून मागे जातो, पाय नसतील तर तो घालणार कुठे? दोन पायांचा पुतळा घ्या, पावलांत सहा ते आठ इंच अंतर हवं. पाय जुळलेले असतील तर मागे काठ उलगडत नाही, नुसती दोरी दिसते.

जुनं लुगडं पुतळ्याला नेसवू नका. गाठीच्या आणि खोचण्याच्या जागी विरलेलं सूत पहिल्याच दिवशी फाटतं. जुनं आडवं पसरून ठेवा आणि पुतळ्याला नवं सुती नेसवा. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर, पन्हा (रुंदी) ४५ ते ४८ इंच. दुकानात "साडी" म्हणून मिळतं ते साडेपाच मीटर आणि वर ब्लाउजपीस, त्यात काष्टा होत नाही. पन्हा कमी पडला तर लुगडं गुडघ्यावर चढतं. लुगडं एकदा पाण्यातून काढून घ्या, कोरं खळीचं कापड चुण्या धरत नाही.

नेसवताना साडी पाठीमागून घेऊन दोन्ही टोकं पुढे आणा. आतलं टोक आखूड, पदराचं लांब. बेंबीखाली दोन्हीकडच्या काठांची गाठ मारा. ही गाठ सैल राहिली तर पुढचं सगळं घसरतं, म्हणून पुतळ्याच्या कमरेला आधी जाड सुती पट्टी बांधा, प्लास्टिकवर कापड टिकत नाही. पदराचं टोक डावीकडून पाठीमागे नेऊन उजव्या काखेखालून पुढे आणा आणि डाव्या खांद्यावर टाका. आता पुढे जो झोळ उरला त्याच्या सात ते नऊ निऱ्या करून खोवा. मग निऱ्यांच्या खालच्या काठाचा मध्य पकडून पायांमधून मागे न्या, काठ सरळ करून पाठीच्या मध्यावर खोवा. पुढे निऱ्यांचा मधला भाग उचलून कमरेशी पुन्हा खोवला की ओचा झाला.

बिघडतं ते काष्ट्यात. फार ओढला तर पुढच्या निऱ्या वर जातात आणि गुडघे दिसतात. सैल सोडला तर मागे पिशवी लोंबते. मागून बघा, दोन्ही पोटऱ्यांवर काठ सारख्या उंचीवर आला म्हणजे ओढ बरोबर.

आणि कृपा करून शिवलेली, इलॅस्टिकची नऊवारी आणू नका. ती नाचासाठी आणि मिरवणुकीसाठी ठीक आहे, पण नेसण्याचं कसब दाखवायचं असेल तिथे तिचा उपयोग नाही.

बाजवाडा:
पुतळे दोनच असतील तर एक गोष्ट सुटेल. कष्टकरी बायकांचा काष्टा आखूड, गुडघ्याच्या जरा खाली, ओचा नाही, पदर कमरेला घट्ट खोचलेला. चिखलात, भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन चालणारीला तोच सोयीचा. स्टुडिओत जायला पैसे असणाऱ्या घरांचेच फोटो आपल्याकडे आलेत. बाजाराच्या, मिरवणुकीच्या, बांधकामाच्या जुन्या फोटोंत कडेला ज्या बायका दिसतात, त्यांना मोठं करून लावा. तिथे नऊवारी म्हणजे "जुनं वळण" नव्हे, कामाचे कपडे.

तसंच दंड घातलेलं एखादं लुगडं मिळालं तर जरूर मांडा. लुगडं मध्ये, बसण्याच्या जागी विरायचं. तेवढा पट्टा कापून दोन्ही धड तुकडे जोडायचे, तो जोड म्हणजे दंड. दंड निऱ्यांत लपेल असं नेसावं लागे.

अभिलेख_कपाट:
नावांचं राहिलं. फोटोच्या मागे "सौ. अमुक (आडनाव)" एवढंच असतं, आणि लग्नात नाव बदललेलं. पाटीवर माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं मिळवून लिहा. बडोद्यातलंच उदाहरण घ्या. तंजावरच्या लक्ष्मीबाई लग्नानंतर चिमणाबाई झाल्या, १८८५ मध्ये वारल्या. रावपुऱ्याचा १८९६ चा टॉवर त्यांच्या नावाचा. मग देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई आल्या, त्यांचंही नाव चिमणाबाईच ठेवलं. स्त्री उद्योगालय त्यांचं, आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. नुसतं "महाराणी चिमणाबाई" लिहिलंत तर बघणारा दोघींना एक करतो. राणीची ही गत, तर इतरांचं काय होत असेल!

स्टुडिओतल्या पुस्तकाचंही तसंच. हातात पुस्तक आहे म्हणून "शिक्षित" लिहू नका, ते टेबल-कुंडीसारखं स्टुडिओचं सामान असायचं. ती शाळेत गेली होती याला शाळेचा दाखला, पत्र, सही, काहीतरी हवं.

रावपुरा_टॉवर:
पाट्या नव्याने लिहायला घेतल्या आहेत. १९५० नंतरच्या फोटोंबद्दल कुणी दोन ओळी लिहील का?

सुमेधा_वाडी:
तिथे विद्यापीठ धरा. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, पहिल्या कुलगुरू हंसा मेहता, १९५८ पर्यंत. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं "सर्व पुरुष" बदलून "सर्व माणसं" करायला लावणाऱ्या त्याच. त्यांच्या काळात गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली, म्हणजे शिवण-स्वयंपाक हे घरातलं काम आता प्रयोगशाळेत, पदवीसाठी आलं. याला कोणी बाईला पुन्हा चुलीशी बांधणं म्हणेल, कोणी तिच्या कामाला शास्त्राचा मान देणं. मी दुसऱ्या बाजूची, कारण त्यातून पगाराच्या नोकऱ्या निघाल्या. फोटोंत बघायचं ते असं: पदर पिनेने खांद्यावर घड्या घालून लावलेला, बाही आखूड, मनगटावर घड्याळ, दोन वेण्यांऐवजी एक. आणि गटाच्या फोटोत बायका खुर्चीवर पुढे आणि पुरुष मागे उभे आहेत की उलटं, तेही नोंदवा.

काचपट्टी:
स्कॅन करताना पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय, त्याहून लहानाला १२००, टिफमध्ये साठवा, आणि मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, बॉलपेनने कधीच नाही. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. विश्वामित्री नदीच्या पुरात भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो कोणी आणून दिले तर सुकू देऊ नका. हाताने रंगवलेले आणि कार्डावरचे जुने बाजूला काढून जाणकाराकडे द्या. बाकीचे साध्या थंड पाण्यात ठेवून आपोआप सुटू द्या आणि चेहऱ्याची बाजू वर करून जाळीवर वाळवा. लगेच हात लावणं शक्य नसेल तर पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा, तिथे बुरशी वाढत नाही.

मापटेप:
आणि जरीच्या लुगड्यांत डांबरगोळ्या थेट टाकू नका. धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आत ओल धरते. दर तीन-चार महिन्यांनी घडीची रेघ बदला. रेशीम फाटतं ते घडीवरच.